मोकळा वेळ : दोन तास

चीनच्या ‘सांस्कृतिक’ सहलीचं माहितीपत्रक कुठल्याही कंपनीचं घ्या, त्याची घडी ठरलेली असते. पहिल्या पानावर शहरं: शांघायचे काचेचे मनोरे, ताशी तीनशे किलोमीटरने धावणारी आगगाडी आणि रात्रीच्या रोषणाईत जांभळं होऊन गेलेलं सगळं आकाश. पान उलटलं की खेडं: धुक्यातले डोंगर, संथ नदी, बांबूचा तराफा, तराफ्यावर इरलं पांघरलेला पांढऱ्या दाढीचा म्हातारा, त्याच्या हातात कंदील आणि शेजारी दोन पाणकावळे. पहिल्या पानाला ‘उद्याचा चीन’ म्हणायचं, दुसऱ्याला ‘अस्सल, प्राचीन चीन’. आणि तळाशी जाड ठशात किंमत चढवणारी ओळ: गटात फक्त बारा जण. बसमधून पंचेचाळीस जण उतरले तर ते पर्यटक, आणि बारा जण उतरले तर ते अभ्यासक, अशी या धंद्यात मान्यता आहे. झेंडी दोन्ही गटांच्या पुढे चालते. बारा जणांची जरा आखूड असते, इतकंच.

माझं म्हणणं असं की या पत्रकाची पानं छापखान्यातच उलटसुलट लागली आहेत. जुना चीन बघायचा असेल तर तो शहरात आहे, आणि नवा चीन बघायचा असेल तर खेड्यात जावं. कार्यक्रमात ज्या ज्या ठिकाणी ‘प्राचीन’ असं लिहिलेलं असतं, तिथे बहुधा या शतकातला एखादा खटाटोप चाललेला असतो. आणि जिथे ‘मोकळा वेळ : दोन तास’ एवढंच लिहून कंपनीने अंग काढून घेतलेलं असतं, तिथे शंभर-दोनशे वर्षांच्या सवयी बाकावर पाय पसरून बसलेल्या असतात.

त्या दाढीवाल्या म्हाताऱ्यापासूनच सुरुवात करू, कारण सहलीची निम्मी विक्री तोच करतो. गुइलिनहून यांगशुओकडे वाहणारी ली नदी आणि तिच्या काठचे चुनखडीचे सुळके हे दृश्य इतकं सरकारमान्य आहे की वीस युआनच्या नोटेच्या पाठीवर ते छापलेलं आहे. शिंगपिंग गावाजवळ ती जागा नेमकी सापडते, आणि तिथे पोचलेला प्रत्येक जण एका हाताने नोट उंच धरून दुसऱ्या हाताने फोटो काढतो. पंचाईत एवढीच की ही नोट आणायची कुठून? चीनमध्ये रोख पैसे दिसेनासे झाले आहेत. भाजीवालीसुद्धा वांग्यांच्या ढिगात क्यूआर कोडची पाटी खोचून बसते. नोट ही खर्च करायची वस्तू राहिलेली नाही, डोंगराशी ताडून बघायची वस्तू झाली आहे. नदीतले ‘बांबूचे’ तराफे इथे प्लास्टिकच्या जाड पाइपांचे असतात आणि त्यांच्या शेपटाला मोटार असते. (जवळच्या यूलोंग नदीवर खऱ्या बांबूचे, काठीने रेटायचे तराफे मिळतात, हे न्यायाला धरून सांगायला हवं.) राहता राहिला म्हातारा. पाणकावळ्याच्या गळ्याला दोरी बांधायची, म्हणजे मोठा मासा त्याच्या घशाखाली उतरत नाही आणि मालकाला तो काढून घेता येतो, ही रीत खरोखर शेकडो वर्षांची. पण पूर्वी पाणकावळा मासा धरी. आता म्हातारा छायाचित्रकार धरतो. पाणकावळ्याकडे पंख पसरून उभं राहण्याचं काम उरलं आहे, आणि ते तो म्हाताऱ्यापेक्षा चांगलं करतो.

यावर कडी केली ती चित्रपट दिग्दर्शक झांग यिमोऊ यांनी. 2004 साली यांगशुओजवळ त्यांनी नदीलाच रंगमंच केलं, सुळक्यांवर दिवे सोडले आणि लोककथेतल्या गाणाऱ्या लिऊ सान्ज्येच्या नावाने एक भव्य प्रयोग उभा केला. चारच वर्षांनी याच गृहस्थांनी बीजिंग ऑलिंपिकचा उद्घाटन सोहळा बसवला, त्यावरून प्रकरणाच्या आकाराचा अंदाज यावा. प्रयोगातली माणसं शेकड्यांनी मोजावी लागतात, आणि त्यातली पुष्कळशी आसपासच्या गावांतली शेतकरी आणि मच्छीमार मंडळी. म्हणजे दिवसा खरं जाळं टाकायचं आणि रात्री जाळं टाकण्याचा अभिनय करायचा. दिवसाच्या कामाला प्रेक्षक नाही, रात्रीच्या कामाला तिकीट आहे, आणि मासे येवोत न येवोत, रात्रीची मिळकत बुडत नाही. कुठल्याही शहाण्या मच्छीमाराने यातलं कोणतं काम ‘मुख्य’ मानावं?

लोंगजीच्या डोंगरावर भातखाचरं चढत गेली आहेत, ती सहाशेहून अधिक वर्षांची. च्वांग आणि याओ लोकांनी ती पायरीपायरीने रचली. तिथे मात्र प्राचीनता नाकारायची सोय नाही. पण खाचरांच्या मधोमध लाकडी घरं आहेत, त्यांची आता अतिथिगृहं झाली आहेत, आणि पाहुण्यांच्या चाकांच्या बॅगा पाठीवरच्या टोपलीत घालून बायका पायऱ्या चढतात. जवळच्या ह्वांगलुओ गावातल्या याओ बायका त्यांच्या पायघोळ केसांसाठी प्रसिद्ध आहेत. केसांचं गुपित म्हणजे तांदळाचं आंबवलेलं धुवण. आपल्याकडे आजी जे धुवण तुळशीला घालायची ते तिथे बाटलीत भरून विकायला असतं. पलीकडे सिच्वान प्रांतात ली झिची या तरुणीने आजीबरोबर गावात राहून लोणची, रेशीम, कागद, दिवे असं सगळं हाताने करण्याची चित्रफीत-मालिका काढली आणि चिनी भाषेतल्या यूट्यूब वाहिन्यांत वर्गणीदारांचा विक्रम केला. शानडोंग प्रांतातला त्साओ हा तर नुसता शेतीचा तालुका. आज तिथे हानफू म्हणजे जुन्या राजवटींच्या काळातले पायघोळ पोशाख शिवले जातात आणि इंटरनेटवरून देशभर विकले जातात. शिआन शहरात रात्री तांग काळातल्या राजकन्या घोळक्याने फिरताना दिसतात, त्यांच्यातली एखादी तरी अशी खेड्यातल्या शिलाई मशीनवर घडलेली असायचीच. इतिहास शहरात नेसला जातो आणि त्याची शिवण खेड्यात होते.

इथे पहिला आक्षेप येणार: म्हणजे चिनी खेडं खोटं आहे, असंच ना? अजिबात नाही. खेडं नवं आहे, आणि नवं असणं हा काही गुन्हा नाही. पुणेकर मंडळी डिसेंबरात हुरडा खायला शेतावर जातात तेव्हा त्यांना बैलगाडीतून फेरी मारून आणतात. शेतकऱ्याचा ट्रॅक्टर तेवढ्यापुरता गोठ्यामागे उभा असतो. त्यात फसवणूक कोणाचीच होत नाही. पाहुण्याला बैलगाडी हवी असते आणि शेतकऱ्याला ट्रॅक्टरचे हप्ते फेडायचे असतात. चीनमध्ये या प्रकाराला ‘नोंगजियाले’, म्हणजे ढोबळमानाने शेतघरची मौज, असं नाव आहे, आणि शहरातली चिनी कुटुंबंच त्याची मुख्य गिऱ्हाइकं. खोटं काही असेल तर ते पत्रकातलं ‘काळ जिथे थांबला आहे’ हे वाक्य. काळ थांबलेला नाही. तो तिकीट खिडकीवर बसला आहे.

आता शहराकडे वळू. बीजिंगचं स्वर्गमंदिर 1420 सालचं. सम्राट तिथे चांगल्या पिकासाठी प्रार्थना करायला येत. गटाला ते निळं, गोल, तीन छपरांचं मंदिर दाखवतात, त्याच्याभोवती चाळीस मिनिटं फिरवतात आणि बसकडे नेतात. बसकडे जाणाऱ्या वाटेवर जे चाललेलं असतं ते कार्यक्रमात नसतं. एक निवृत्त गृहस्थ काठीला बांधलेल्या जाड कुंचल्याने, नुसत्या पाण्याने, फरशीवर सुंदर अक्षरं काढत असतात. शेवटचं अक्षर पूर्ण होईतो पहिलं वाळून जातं आणि त्यांना त्याचं काहीही वाटत नाही. चार आजीबाई पिसांचं खेळणं पायाने असं उडवत असतात की विशीतल्या पाहुण्याने गुडघे चोळावेत. लांबलचक ओसरीत पत्ते पडत असतात, एरहू वाजत असतो, आणि कोणीतरी ऑपेरातला एखादा उंच सूर पकडून ठेवलेला असतो, जणू सोडला तर दुसरं कोणी घेऊन जाईल. यांपैकी कोणीही मान वर करून पाहुण्यांकडे बघत नाही. देखावा आणि दिनक्रम यांतला फरक ओळखायची इतकी सोपी खूण दुसरी नाही.

पण शहरातल्या जुनेपणाचा खरा कळस शांघायच्या पीपल्स पार्कमध्ये आहे, आणि तो मराठी माणसाला समजावून सांगावा लागत नाही. शनिवार-रविवारी दुपारी या बागेच्या वाटांवर उघड्या छत्र्यांची रांग लागते. छत्री ऊन-पावसासाठी नसते. तिच्यावर एक कागद टाचलेला असतो: मुलगी, जन्मसाल अमुक, उंची अमुक, शिक्षण पदव्युत्तर, पगार इतका, स्वतःचं घर आहे किंवा नाही, आणि खाली अपेक्षा. जन्मसालावरून राशीचा प्राणी कळतो, म्हणजे वाघाच्या वर्षातल्या मुलीचं मेंढ्याच्या वर्षातल्या मुलाशी पटेल का, हा विचारही आपोआप सुरू होतो. छत्रीमागे आई किंवा वडील घडीच्या स्टुलावर बसलेले असतात, आणि समोरून दुसऱ्यांचे आईवडील चष्मा कपाळावर सरकवून वाचत जातात. ज्यांचं लग्न व्हायचं त्यांचा इथे पत्ता नसतो; कित्येकांना आपली छत्री उघडली आहे याचीसुद्धा कल्पना नसते. मागे काचेचे मनोरे, खाली भुयारी रेल्वे, आणि मध्ये पत्रिका, उंची, पगार, फ्लॅट. आपल्याकडच्या वधू-वर मेळाव्यात निदान चहा आणि बटाटेवडा तरी असतो. सदाशिव पेठेतल्या कुठल्याही काकूंना इथे उभं केलं तर भाषेचा एक शब्द न कळता त्या अर्ध्या तासात दोन स्थळं सुचवतील. ‘उद्याचा चीन’ या मथळ्याखाली छापलेल्या शहराच्या पोटात हे चालतं, आणि पत्रकात त्या दुपारी लिहिलेलं असतं: मोकळा वेळ, खरेदी.

हे असं उलटं का झालं, याचं कारण गूढ नाही. 1978 साली चीनमधले शंभरातले सुमारे 18 लोक शहरांत राहत होते. 2020 च्या जनगणनेत हा आकडा जवळजवळ 64 निघाला. चाळीस वर्षांत गावच्या गाव शहरात राहायला आलं आणि येताना सवयी गाठोड्यात बांधून घेऊन आलं. त्यात बायकांनी पन्नाशी-पंचावन्नात आणि पुरुषांनी साठीत निवृत्त व्हायचं, ही पद्धत गेल्या शतकाच्या मध्यापासून चालत आलेली. ती वयं आता कुठे, 2025 पासून, हळूहळू वाढवायला घेतली आहेत. म्हणजे हातीपायी धड असलेली कोट्यवधी माणसं, घरं लहान, बागा मोठ्या आणि वेळ अमाप. उलट गावातले तरुण गेले. जे राहिले किंवा परतले त्यांना पोट भरायचं तर नवं काहीतरी काढणं भाग. तेव्हा जुनं सगळं बागेत जमलं आणि नवं सगळं बांधावर उगवलं.

दुसरा आक्षेप जाणकारांचा. ते म्हणतात, शहरातलं ‘जुनं’ तरी जुनं कुठे आहे? वूहानचा पिवळ्या करकोच्याचा मनोरा घ्या. आधीचा 1884 साली जळाला. आजचा 1985 मध्ये पुरा झाला, काँक्रीटचा, आत लिफ्ट असलेला, आणि तोही मूळ जागेपासून लांब, कारण मूळ जागेवर दरम्यानच्या काळात यांगत्सेवरचा पूल आला होता. स्वर्गमंदिरातलं ते प्रसिद्ध गोल दालनसुद्धा 1889 साली वीज पडून जळालं आणि मग पुन्हा बांधलं. बीजिंगचा तट पाडला, आता बहुतेक वेशी भुयारी रेल्वेच्या स्थानकांच्या नावांतच उरल्या आहेत. पण चर्चगेटला उतरून गेट न शोधणाऱ्यांनी त्याबद्दल जास्त बोलू नये. आक्षेप खरा आहे, पण तो युरोपातून आलेला आहे. तिथे भग्न अवशेष म्हणजे वारसा, आणि त्याला हात लावणं म्हणजे पाप. आपल्याकडे या गोष्टीला जीर्णोद्धार असा शब्द आहे आणि तो पुण्याच्या खात्यात जमा होतो. अहिल्याबाई होळकरांनी बांधलेल्या घृष्णेश्वराच्या देवळाला ‘अठराव्या शतकातली नक्कल’ म्हणायची कोणाची छाती आहे? देऊळ तेच, दगड नवे. लिफ्ट बसवली म्हणून करकोचा उडून जात नाही. एवढं खरं की लिफ्टवाल्या मनोऱ्याला ‘अठराशे वर्षांपूर्वीचा’ म्हणताना गाइडने किंचित खाकरावं.

तिसरा मुद्दा लहान गटाच्या बाजूने आहे, आणि तो मला मान्यच करावा लागतो. बारा ही संख्या अंधश्रद्धेतून आलेली नाही. चिनी उपाहारगृहातल्या गोल टेबलाभोवती दहा-बारा माणसं नेमकी बसतात. मधली फिरती काच हे त्या संस्कृतीचं खरं दर्शन आहे: ताट कोणाचंच नाही, आणि आवडीचा पदार्थ आपल्यासमोर येतो न येतो तोच पलीकडचा काच फिरवतो. पंचेचाळीस जणांना सहसा भारतीय हॉटेलात नेऊन पनीर खिलवलं जातं. बारा जण सिच्वानी जेवायला बसू शकतात, आणि तिथे त्यांना दोन धक्के बसतात. पहिला शाकाहाऱ्यांना: फरसबीच्या भाजीत आणि तोफूतसुद्धा खिमा भुरभुरवलेला असतो, कारण तिथल्या समजुतीप्रमाणे एवढंसं मांस म्हणजे फोडणी. दुसरा सगळ्यांना: आपल्या गाडीवरच्या ‘शेजवान’शी इथल्या कशाचंही नातं लागत नाही. जीभ बधिर करणारी जी सिच्वानी मिरी असते ती कोकणातल्या तिरफळाची सख्खी चुलतबहीण, एकाच कुळातली. म्हणजे चौपाटीवरच्या लाल भातापेक्षा मालवणी बांगड्याचं तिरफळ घातलेलं तिकलं सिच्वानच्या कितीतरी जवळचं. हे ज्ञान मोठ्या बसला होत नाही, हे कबूल. पण हेही लक्षात घ्या की ते ज्ञान ‘स्थानिक जेवण’ या दोन शब्दांच्या आड लपलेलं होतं. पत्रकात तपशील होता तो रेशीम संग्रहालयाचा. 2013 साली चीनने कायदाच केला की सहलीतल्या लोकांना जबरदस्तीने दुकानात नेऊ नये. तेव्हापासून दुकानांनी संस्कृतीचा अभ्यास वाढवला.

चौथा आक्षेप गंभीर चेहऱ्याने येतो: सरकार दाखवतं तेच दिसतं. तिबेटमध्ये परवान्याशिवाय आणि गाइडशिवाय परदेशी प्रवाशाला पाऊल टाकता येत नाही, हे खरं आहे, आणि ज्या गोष्टी दाखवल्या जात नाहीत त्या बारा जणांनाही दिसत नाहीत. लहान गट म्हणजे काही लहान दुर्बीण नव्हे. पण छत्र्यांची ती रांग सरकारला मिरवायची आहे, असं कोण म्हणेल? 2022 पासून चीनची लोकसंख्या घटू लागली आहे. मुलं लग्न करत नाहीत ही तिथल्या राज्यकर्त्यांची मोठी काळजी आहे, आणि ती काळजी भर शहरात, सार्वजनिक बागेत, छत्रीला टाचून ठेवलेली आहे. ठरवून दाखवलेल्या गोष्टींच्या फटीतून न ठरवलेल्या दिसतात. मोकळ्या वेळेचा अर्थच तो.

उरला सगळ्यात जुना आक्षेप: बारा दिवसांत देश कळतो का? चिनी लोक याला घोड्यावरून फुलं बघणं म्हणतात. आणि बसमध्ये झोपायचं, खाली उतरून फोटो काढायचे, घरी गेल्यावर काहीच आठवायचं नाही, अशी टिंगल तेच आपल्या सहलींची करतात. पण शिआनमध्ये प्रत्येक गटाला जो बृहत् हंस पगोडा दाखवतात तो ज्याच्या ग्रंथांसाठी 652 साली बांधला, त्या ह्युएन त्संगचं उदाहरण घ्या. हा गृहस्थ सातव्या शतकात परवानगी न घेता चीनमधून निघाला, भारतभर फिरला आणि 645 साली 657 ग्रंथ घेऊन परतला. त्या फेरीत महाराष्ट्रही त्याने बघितला, पुलकेशीच्या काळातला, आणि बघितला तो जाता जाताच. तेवढ्यात त्याने लिहून ठेवलं की इथली माणसं मानी आहेत, उपकार विसरत नाहीत, अपमान सोडत नाहीत, सूड घ्यायचा तर आधी कळवून घेतात, आणि लढाईपूर्वी हत्तींना दारू पाजतात. आला होता धर्मग्रंथ गोळा करायला, आणि नोंद केली झिंगलेल्या हत्तींची. त्याच्या त्या ओळी आपण तेराशे वर्षांनंतरही छाती फुगवून सांगतो. ‘साहेब, आपण इथे राहिलात किती दिवस?’ असं त्याला कोणी विचारलेलं नाही. वेळ कमी असण्याने फारसं बिघडत नाही. ज्यासाठी आलो तेवढंच बघण्याने बिघडतं.

खुद्द महाराष्ट्राचा चीनमधला सगळ्यात गाजलेला प्रवासही लहान गटानेच झाला होता. 1938 साली काँग्रेसने पाठवलेलं वैद्यकीय पथक. गटात फक्त पाच जण, पाचही डॉक्टर, त्यांत नागपूरचे चोळकर आणि सोलापूरचे द्वारकानाथ कोटणीस. शहरं झाली, खेडीही झाली. बाकीचे परतले. कोटणीस चिनी शिकले, तिथल्या परिचारिकेशी लग्न केलं, आघाडीजवळचं इस्पितळ चालवलं आणि 9 डिसेंबर 1942 रोजी हपै प्रांतातल्या एका खेड्यात वारले, वयाच्या बत्तिसाव्या वर्षी. त्यांची समाधी शिजियाझुआंग शहरात आहे. बीजिंगहून शिआनला जाणारी जलदगती रेल्वे याच शहरावरून जाते आणि पुष्कळ गाड्या तिथे दोन-तीन मिनिटं थांबतात. पत्रकात या थांब्याचा उल्लेख नसतो, कारण इथे उतरायचं नसतं. डब्याच्या टोकाला उकळत्या पाण्याचा नळ असतो, चिनी लोक त्यातून आपापले थर्मास भरतात, आणि गाडी सुटेपर्यंत बारा जणांतल्या दोघा-तिघांचे पुण्याहून आणलेले झटपट पोहे भिजून तयार झालेले असतात.